सप्पोरोचा हिवाळा : आधी पाऊल, मग बर्फ

मागच्या दोन हिवाळ्यांत मिळून मी जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, सप्पोरो शहरात 44 दिवस राहिले. मुलगा तिथल्या होक्काइदो विद्यापीठात संशोधन करतो, त्यामुळे राहायची सोय होती. बाकी सगळं नवं. माझं वय 63, डावा गुडघा कुरकुरणारा, आणि थंडीचा अनुभव म्हणजे ठाण्याच्या नौपाड्यात जानेवारीत चार दिवस कपाटातून निघणारा स्वेटर. आता तलावपाळीवर सकाळी माझ्याबरोबर चालणाऱ्या तिघी येत्या फेब्रुवारीत तिकडे निघाल्यात. रोज चालताना एकेक प्रश्न येतो आणि चौथ्या फेरीपर्यंत उत्तर अर्धवट राहतं. म्हणून एकदाच नीट लिहून काढते, आपल्या वयाच्या आणि आपल्या हवेत वाढलेल्या माणसांसाठी.

पहिला प्रश्न नेहमी कोटाचा असतो. कोटाचं नंतर बघू, आधी बूट दाखवा. सप्पोरोत थंडीने कुणी घाबरून घरात बसत नाही. घसरून पडायच्या भीतीने मात्र आपली माणसं हॉटेलच्या खिडकीतून बर्फ बघून परत येतात. चालता आलं की बाकीचं सगळं तुमचं.

चालायचं कसं

कोकणात आजोळ असलेल्यांना हे लवकर जमतं. पावसाळ्यात शेवाळलेल्या अंगणातून न्हाणीघरापर्यंत आपण कसं जायचो ते आठवा. पाऊल लहान, टाच आधी न टेकता अख्खा तळवा एकदम खाली, गुडघा किंचित वाकलेला, अंगाचा भार थोडा पुढे. घाई नाही. सप्पोरोत अगदी असंच चालायचं. हात खिशात घालायचे नाहीत, म्हणून हातमोजे चांगले हवेत. तोल गेला तर हातच सावरतात. खांद्याला लटकणारी पर्सही नको. पाठीवरची सॅक घ्या.

ताजा, भुसभुशीत बर्फ धोक्याचा नाही, त्यात पाय रुततो. धोका असतो तो चालून चालून आणि गाड्यांच्या चाकांखाली दबून काचेसारखा झालेल्या बर्फाचा. जपानी माणसं त्याला ‘त्सुरु त्सुरु’ म्हणतात. आपल्या ‘गुळगुळीत’सारखाच तो शब्द तोंडातूनच घसरतो. रस्ता ओलांडायच्या जागा, दुकानांची दारं, बस थांबे, भुयारी मार्गाचे जिने इथे तो हमखास असतो. पहिल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी मी सिग्नल बदलायच्या आत पोहोचायचं म्हणून चार पावलं झपझप टाकली आणि झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर आडवी झाले. मनगट मुरगळलं, आठ दिवस पट्टी बांधून फिरले. सिग्नल गेला तर जाऊ द्या, पुढचा येतोच.

चौकांच्या कडेला छोट्या पेट्या दिसतील. त्यांत बारीक खडीच्या पिशव्या असतात. पुढचा पट्टा चकचकीत दिसला तर कुणीही पिशवी घ्यावी आणि खडी पसरावी, ती त्यासाठीच ठेवलेली असते. मी रांगोळीची चिमूट सोडावी तशी ओळीने सोडायला लागले, तर मुलगा म्हणाला, आई, मूठमूठ टाक. बरोबर होतं त्याचं. मागून येणाऱ्यांनाही तिचा उपयोग होतो.

बूट घोट्याच्या वर जाणारे, पाणी आत न घेणारे आणि आतून उबदार हवेत. बोटांसमोर थोडी जागा ठेवा. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गारठतात. इथून घेतलेले ट्रेकिंगचे बूट चालतात, पण तळ कडक प्लास्टिकसारखा नसावा, रबर मऊ हवं. बुटाखाली चढवायच्या काटेरी पट्ट्या सप्पोरोतच घ्या, चपला-बुटांच्या दुकानात सहज मिळतात. दुकानात किंवा स्टेशनात शिरताना त्या काढायच्या, कारण फरशीवर त्याच घसरतात. नवे बूट निघण्याआधी पंधरा दिवस तलावपाळीवर घालून चाला. लोक बघतील, बघू देत. तिथे जाऊन फोड आले तर सहल वाया.

आणि इमारतींच्या अगदी भिंतीलगत चालू नका. छपरावरचा बर्फ अचानक लादीसारखा कोसळतो, पागोळ्यांचे सुळेही पडतात. दोरी लावून वाट बंद केलेली असेल तर वळसा घ्याच.

कधी जायचं, किती थंडी

सैबेरियाकडून येणारे गार, कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि होक्काइदोच्या डोंगरांना अडले की ते बर्फ होऊन उतरतं. आपल्याकडे नैऋत्य वारे अरबी समुद्र ओलांडून सह्याद्रीला अडतात, तशीच ही गोष्ट. फक्त तिथे पावसाऐवजी बर्फ. हंगामभरात पडलेला बर्फ मोजला तर जवळपास 5 मीटर भरतो, आणि तोही सुमारे 20 लाख वस्तीच्या शहरावर. जानेवारीत दुपारीसुद्धा पारा शून्याच्या जरा खालीच असतो, पहाटे उणे 6-7 पर्यंत उतरतो. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, पण वारा नसेल तर नीट कपड्यांत ही थंडी सोसवते. वारा सुटला की मात्र घरात शिरा.

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सगळ्यात भरलेला. त्यात हिमोत्सव असतो, पण हॉटेलं महाग होतात आणि सहा महिने आधी बघावी लागतात. गर्दी नको असेल तर फेब्रुवारीचा शेवट घ्या. बर्फ तितकाच, दिवस जरा मोठा. डिसेंबरच्या शेवटी चार वाजून गेले की सूर्य मावळतो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला पाचच्या सुमारास. आपली ‘जेवून निघू’ची सवय तिथे सोडायची. नऊला बाहेर पडा.

कपडे : घालायचे आणि काढायचेही

सुती कपडा अंगाला लागता कामा नये. घाम धरून ठेवतो आणि मग तोच गार पडतो. आत थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. दोन जाड कपड्यांपेक्षा तीन पातळ बरे, कारण तिथे दिवसातून दहा वेळा कपडे काढावे-घालावे लागतात. घरं, दुकानं, गाड्या सगळं भरपूर तापवलेलं असतं. माझ्या वन्सं पहिल्या दिवशी मॉलमध्ये सगळं अंगावर ठेवून तासभर फिरल्या, घामाघूम झाल्या आणि बाहेर आल्याबरोबर हुडहुडी भरली. आत शिरताच टोपी, मफलर, हातमोजे काढा, जाकिटाची चेन उघडा. आणि दाराशीच बूट आपटून, खांदे झटकून बर्फ बाहेर टाका, नाहीतर तो आत वितळून तुम्हालाच भिजवतो.

साडी नेसायचीच असेल तर हॉटेलात नेसा. बाहेर काठ भिजतो, पायांत येतो.

औषधांच्या दुकानांत ‘काइरो’ नावाच्या छोट्या पुड्या मिळतात. आत लोखंडाची भुकटी, मीठ, कोळसा असतो. वेष्टण फोडलं की हवा लागून लोखंड गंजायला लागतं आणि त्यातून कित्येक तास ऊब निघते. चिकटवायच्या आणि हातात धरायच्या अशा दोन तऱ्हा असतात. चिकटवायची पुडी कपड्यावर लावा, कातडीवर नाही, भाजतं. गुडघ्याला मी थर्मलवरून एक लावत असे, त्याने मोठा आराम पडला. रस्त्यावरच्या यंत्रांतून चहा-कॉफीचे डबे निघतात. खाली लाल पट्टी असेल तो गरम, निळी असेल तो गार. गरम डबा आधी हातमोज्यात धरायचा, मग प्यायचा.

हवा फार कोरडी असते, ओठ आणि टाचा फुटतात. खोबरेल तेल गारठ्यात दगड होतं, व्हॅसलीन न्या. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

जमिनीखालून

सप्पोरो स्टेशनपासून ओदोरी आणि पुढे सुसुकिनो या शहराच्या मधल्या भागांपर्यंत जमिनीखालून चालत जाता येतं, दीड-दोन किलोमीटर. स्टेशन ते ओदोरी हा तुकडा 2011 साली सुरू झाला. रुंद, उजळ, बसायला बाक, आणि घसरायची भीती नाही. ज्यांचे पाय दुखतात त्यांनी हॉटेल या मार्गाच्या जवळच घ्यावं, खोली लहान मिळाली तरी चालेल. अर्धा-पाऊण तास वर, मग पंधरा मिनिटं खाली, असा दिवस आखला की संध्याकाळपर्यंत दमछाक होत नाही.

भुयारी रेल्वेच्या तीन लाईनी आहेत आणि गाड्या रबरी चाकांवर धावतात, त्यामुळे खडखडाट नाही. वर ट्राम आहे. पहाटे जाग आली तर ट्रामच्या रस्त्याला जाऊन उभ्या राहा. बांबूच्या काड्यांचे मोठे फिरते झाडू लावलेली एक खास ट्राम रुळांवरचा बर्फ उडवत जाते. ‘सासारा’ म्हणतात तिला. आपला खराटाच तो, गोल फिरणारा. ती पाहायला मी तीन पहाटा उठले. तिसऱ्या दिवशी दिसली.

हिमोत्सव

1950 साली शाळेतल्या मुलांनी ओदोरी उद्यानात बर्फाचे सहा पुतळे केले, तिथून हे सुरू झालं. आता शहराच्या मधोमध सुमारे दीड किलोमीटर पसरलेल्या त्या उद्यानात इमारतीएवढी शिल्पं उभी राहतात, त्यातली मोठी जपानच्या स्वसंरक्षण दलाचे जवान घडवतात. ट्रकने बर्फ आणतात, साच्यात दाबून ठोकळा करतात आणि मग कोरतात. उत्सव संपला की लगेच यंत्रांनी पाडून टाकतात. गणपतीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

दोनदा जा. एकदा सकाळी लवकर, कोरीव काम बघायला. एकदा रात्री, दिव्यांत. टीव्ही टॉवरचा सज्जा सुमारे 90 मीटरवर आहे, तिथून सगळी शिल्पं एका नजरेत येतात, पण संध्याकाळी रांग लागते. दुपारी जाणं सोपं. बर्फाची शिल्पं ओदोरीला, पारदर्शक बर्फाची सुसुकिनोत.

नातवंडं बरोबर असतील तर तिसरी जागा, त्सुदोमे. घसरगुंड्या आहेत, आणि बाजूलाच मोठं छत असलेली जागा आहे, तिथे बसून डबा खाता येतो. तोहो लाईनच्या साकाएमाची या शेवटच्या स्टेशनावर उतरायचं. तिथून पंधरा मिनिटं चाल आहे, उत्सवात बसही असते.

घसरगुंडी, आपल्या वयातही

मोएरेनुमा उद्यान मला सगळ्यात आवडलं. इसामु नोगुची या शिल्पकाराने 1988 मध्ये त्याची आखणी केली, त्याच वर्षाच्या शेवटी ते गेले, आणि उद्यान पुरं झालं 2005 साली. एकेकाळी तिथे शहराचा कचरा टाकत. कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. तिथली मोएरे टेकडी 62 मीटर उंचीची आहे. लोक बर्फाने भरलेल्या उतारांवरून स्लेजवर बसून घसरत येतात. प्लास्टिकची स्लेज शहरात स्वस्तात मिळते. वर चढणं गुडघ्याला जड, म्हणून मी पायथ्याजवळच्या उतारावरून घसरले, एकदा नाही, सात वेळा. पाय समोर ताणू नका, गुडघे वाकवून बसा. थांबायचं असेल तर टाचा हळू टेकवा. खाली पोहोचलात की लगेच बाजूला व्हा, मागून मुलं सुसाट येतात. दमलात की काचेच्या पिरॅमिडमध्ये जाऊन बसा. हिवाळ्यात साठवलेला बर्फ उन्हाळ्यात ही इमारत गार करायला वापरतात.

तरुण मंडळींना स्कीइंगसाठी तेइने. 1023 मीटरचा डोंगर, 1972 च्या हिवाळी ऑलिंपिकच्या स्पर्धा तिथे झाल्या होत्या. बूट, स्की, कपडे भाड्याने मिळतात. पहिल्यांदा जात असाल तर शिक्षक घ्याच, आणि विमा काढताना बर्फातले खेळ त्यात धरलेत का ते वाचा. आम्ही तिघं ओकुरायामाला गेलो. स्की घालून हवेत झेप घेतात तो उंच उतार. खुर्चीच्या लिफ्टने माथ्यावर जाता येतं, आणि तिथून खाली बघितलं की ती मुलं उडी कशी मारत असतील याने छाती धडधडते.

गोठलेल्या नदीवर

शहराच्या उत्तरेला बाराटो नदी आहे, जानेवारीत ती गोठते. तिच्यावर तंबू ठोकतात, आत शेगडी असते, बर्फाला ड्रिलने भोक पाडून देतात आणि हातभर लांबीची काठी. त्या भोकातून ‘वाकासागी’ नावाचे बोटाएवढे मासे धरायचे. आम्ही सीकेपी, ह्यांचं सगळं आयुष्य ठाण्याच्या मासळी बाजारात मांदेली निवडण्यात गेलेलं, त्यामुळे हे तंबूत शिरले ते बाहेर यायचं नाव घेईनात. तीन तासांत 27 मासे.

युक्ती अशी. गळ तळापर्यंत जाऊ द्या, मग जरासा वर घ्या. काठीचं टोक हलकं थरथरवा आणि थांबा. झटका इतका बारीक असतो की हातमोजा घालून कळत नाही, एका हाताचा काढावा लागतो. एक लागला की भराभर लागतात, कारण ते थव्याने फिरतात. तिथेच पीठ लावून तळून देतात, काट्यासकट खायचे. मांदेलीपेक्षा चव सौम्य आहे. मी घरून नेलेलं तिखट-मीठ वरून भुरभुरलं आणि शेजारच्या तंबूतल्या आजोबांनीही मागून घेतलं.

दोन गोष्टी पाळा. हे चालवणाऱ्यांकडे आधी जागा ठेवूनच जा, एकट्याने कुठल्याही गोठलेल्या पाण्यावर पाऊल टाकू नका. आणि तंबूत शेगडी असते, तेव्हा झडप थोडी उघडी राहू द्या.

ओतारू आणि जोझानकेई

ओतारूला रेल्वेने पाऊण तास लागतो. जाताना उजवीकडची खिडकी घ्या. वाटेत गाडी समुद्राला इतकी चिकटून जाते की बर्फाच्या कडेला लाटा फुटताना दिसतात. वन्सं त्या वेळी काही बोलल्याच नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. तिथला कालवा 1923 चा, काठाला दगडी गोदामं. फेब्रुवारीत आठ-दहा दिवस संध्याकाळी पाण्यात आणि बर्फात मेणबत्त्या लावतात. तलावपाळीवरचे दिवाळीतले दिवे आवडणाऱ्यांनी हे चुकवू नये. गाव मात्र चढ-उताराचं आहे, काटेरी पट्ट्या चढवूनच उतरा आणि अंधार पडल्यावर कालव्यापासून स्टेशनपर्यंतचा सरळ रस्ताच धरा.

जोझानकेई हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, बसने तासाभरावर. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं आपल्या माहितीतली, पण इथे उघड्या कुंडात गळ्यापर्यंत ऊन पाणी आणि डोक्यावर बर्फ पडत असतो. बायकांची आणि पुरुषांची जागा वेगळी. अंगावर एकही कपडा चालत नाही, पोहण्याचा पोशाखसुद्धा नाही. याचा संकोच मला पहिल्या दिवशी इतका होता की मी दारातून परतले. मग एक गोष्ट लक्षात आली, तिथे कुणी कुणाकडे बघतच नाही. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, केस वर बांधायचे, छोटा टॉवेल पाण्यात न बुडवता डोक्यावर ठेवायचा आणि मग हळूच उतरायचं. रक्तदाब असणाऱ्यांनी पाच-सात मिनिटांत बाहेर यावं, पाणी पीत राहावं, जेवल्याजेवल्या जाऊ नये. मन तयार होत नसेल तर पैसे भरून खासगी कुंड घेता येतं, नाहीतर गावातल्या उद्यानात नुसते पाय सोडून बसायची सोय आहे. चालून दुखणाऱ्या पायांना ते पुरेसं आहे.

खाणं

मासे खाणाऱ्यांना काळजी नाही. शाकाहारींनी एक शब्द लक्षात ठेवा, ‘दाशी’. साध्या दिसणाऱ्या सूपात, भाजीत, सॉसमध्येही सुकवलेल्या माशाचा अर्क असू शकतो. वन्सं पक्क्या शाकाहारी. त्यांच्यासाठी ‘मांस नको, मासे नको, दाशीही नको’ हे जपानीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं कार्ड मुलाने करून दिलं, ते प्रत्येक ठिकाणी दाखवलं. सूप करी ही सप्पोरोची खासियत, भाज्या मोठाल्या आणि तिखटाचा नंबर आपण सांगायचा, पण रस्सा बहुतेक कोंबडीचा असतो, विचारूनच घ्या.

घरून मेतकूट जरूर न्या. तिकडचा तांदूळ चिकट असतो, जरा पाणी जास्त घालून शिजवला की आपल्या गुरगुट्या भाताला तोच शोभतो. वरून मेतकूट, तूप, मीठ. बर्फातून भिजून आल्यावर याच्यासारखं काही नाही. भाजणी, दाण्याची चटणी, गूळपोळ्या चालतात. कढीपत्ता, मिरच्या, फळं असं ताजं काही बॅगेत टाकू नका, विमानतळावर अडवतात.

परतीचं एक. सप्पोरोचा न्यू चितोसे विमानतळ मोठ्या हिमवर्षावात बंद पडतो. तोक्योहून मुंबईचं विमान असेल तर एक दिवस आधीच तोक्योत येऊन राहा. पहिल्या वर्षी आम्ही ती रात्र वाचवायला गेलो आणि संबंध दिवस विमानतळावरच्या बाकावर काढला.

माझे बूट 5 नंबरचे आहेत, गॅलरीत ऊन देऊन ठेवलेत. तिघींपैकी जिला होतील तिने रविवारी घरी येऊन घालून बघा, आणि येताना जाड मोजे घेऊन या.